आतल्यानं फक्त ऐकायचं

कोर्टात पुकारा करायची एक खास चाल असते. शिपाई दारात येतो, व्हरांड्याकडे तोंड करतो आणि आरोपीचं नाव असं लांबवतो की चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही आपल्या हातून काही गुन्हा घडलाय का ते आठवून बघतो. त्या दिवशी त्यानं “गुरुसिद्ध स्वामी, बेंबळी...” असा पुकारा केला, तेव्हा मी निवांत होतो. आमचा गुरू, म्हणजे हा गुरुसिद्ध, माझा अशील, वेळेवर आत येईल अशी अपेक्षाच कुणाची नव्हती. तारखेला आला की तो आधी दुसऱ्याच कुठल्या तरी खटल्यातला साक्षीदार गाठायचा आणि खरं बोलण्यानं माणूस कसा हलका होतो ते त्याला समजावून सांगायचा. यापायी दोन वकिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी न्यायाधीशांना म्हणालो, “येतोच आहे साहेब, आवारात कुणाशी तरी बोलत असेल.” कारकून हसला. दुसरा पुकारा झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून फिर्यादी उठला. फिर्यादी म्हणजे मल्लिकार्जुन, गुरूचा सख्खा चुलतभाऊ, ज्याचं डोकं फोडल्याबद्दल हा सगळा खटला चालू होता. उलटतपासणी सोडली तर हा माणूस माझ्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता. तो टोपी काढून म्हणाला, “न्हाय येणार साहेब. सकाळीच गेला त्यो.”

न्यायाधीशांनी विचारलं, “कुठं गेला?”

“वारला साहेब. पूजा करून उठला न् छातीत कळ आली. म्या तिकडंच होतो. वहिनी म्हणली, आज तारीख हाय, कुणीतरी जाऊन सांगाय पायजे, न्हायतर वॉरंट निघंल. म्हणून आलो.”

इतक्या वर्षांच्या वकिलीत आरोपीच्या गैरहजेरीचं कारण फिर्यादीच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एरवी असला प्रसंग हाती लागला असता तर मी बाररूममध्ये तो साभिनय करून दाखवला असता, मल्लिकार्जुनची टोपी आणि न्यायाधीशांच्या भुवया यांच्यासह. त्या दिवशी मी नुसता फाईलची नाडी बांधत राहिलो, आणि ती बसेचना...

आता काही आठवडे उलटले. लोक म्हणतात, काळ गेला की मन निवतं. माझं निवलेलं नाही. उलट जास्तच वळवळ चालू आहे, म्हणून लिहायला बसलो. लिहिणार तरी कुणावर? ज्याला आयुष्यभर कुणी एका जागी बसवू शकलं नाही, त्याच्यावर. जंगम लोकांत, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांत, मृताला बसवूनच माती देतात. तसं त्यालाही मांडी घालून, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून बसवलं, आणि मी वरून बघत मनात म्हणालो, बाबा रे, अखेर बसलास.

गुरू आणि मी बेंबळीच्या शाळेत एका बाकावर होतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. मी राजा. ही निवड माझ्या अभिनयामुळं झाली असं मी सांगतो; गावात भरजरी शेला फक्त आमच्याकडे होता असं गुरू सांगायचा. त्याला मिळालं होतं जखमी सैनिकाचं काम. यायचं, “महाराज, गड पडला” म्हणायचं आणि मरायचं. तो आला, गड पडल्याचं सांगितलं आणि मरेचना. गड का पडला ते सांगितलं. फितूर कोण ते सांगितलं. मग फितुरी करणाऱ्याच्या आईला काय वाटलं असेल, तेही सांगू लागला. मी सिंहासनावर बसून दातओठ खातोय, विंगेतून गुरुजी त्याचा पाय ओढताहेत, आणि समोर गाव डोळे पुसतंय... शेवटी पडदा त्याच्यावरच पाडावा लागला. पडद्याच्या अलीकडे त्याचं डोकं राहिलं होतं, ते तरीही बोलत होतं. तेव्हापासून तो मला ‘राजे’ म्हणायचा, आणि त्यात आदर औषधालाही नव्हता.

पुढं मी वकील झालो आणि धाराशिवला राहिलो. तो गावातच राहिला. थोडी शेती, घरोघरचे विधी, आणि श्रावण आला की मठाच्या ओट्यावर महिनाभर प्रवचन. मी देवधर्मातला माणूस नाही, पण श्रावणातला एखादा दिवस सवड काढून जायचोच. ऐकायला नव्हे, बघायला. शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, गोष्टी सांगताना तो सगळी पात्रं स्वतः व्हायचा. राजा व्हायचा तेव्हा हमखास माझ्याकडे बघून पोट पुढं काढायचा.

असा हा दयामायेवर बोलणारा माणूस तुरुंगात का गेला, तर त्यानं मारलं म्हणून. इथं मी वकिली करणार नाही. आरोपी गेला, खटला मिटला, आता लपवून कुणाला वाचवायचंय? बांधावरून भांडण होतं. मल्लिकार्जुननं नांगरट करताना बांध कोरला, गुरू विचारायला गेला, शब्दानं शब्द वाढला आणि गुरूच्या हातातलं खोऱ्याचं दांडकं मल्लिकार्जुनच्या डोक्यात बसलं. मल्लिकार्जुन बरेच दिवस दवाखान्यात होता. पोलिसांनी लावायचं ते सगळ्यात जड कलम लावलं, जामीन नाकारला गेला, आणि आमचे स्वामी कच्चे कैदी म्हणून आत गेले. कुठला तुरुंग ते सांगत नाही. तिथले साहेब आता निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतील. माणूस वाईट नव्हता.

पहिला तमाशा दारातच झाला. झडती घेताना शिपायाला गुरूच्या गळ्यात दोरा दिसला आणि दोऱ्याला चांदीची अंड्याएवढी डबी. तुरुंगात दोरी चालत नाही, कुणी गळ्याला लावून घेईल म्हणून. आणि चांदीची डबी दिसली की शिपायाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. त्यानं विचारलं, “तंबाखू कोरडी हाय का चुना लावल्याली?” गुरू म्हणाला, “देव हाय.” शिपाई म्हणाला, “सगळेच तसं म्हणतेत.” डबी काढून घेतली आणि बाकीच्या सामानाबरोबर जमा केली. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, लिंगायत माणसाचं इष्टलिंग म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. ते अंगावरच असतं. रोज हातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास. ते अंगावरून गेलं म्हणजे माणूस अर्धा गेलाच. गुरूनं ताट बाजूला सारलं. उपोषण नव्हतं ते. माझ्यासमोर मुलाखतीच्या जाळीपलीकडं उभा राहून तो म्हणाला, “राजे, म्या कुणावर रुसलो न्हाय. पण हात मोकळा हाय, तर घास कसा उचलू?”

मी धावत कोर्टात. जन्मात पहिल्यांदा देवाच्या बाजूनं उभा राहिलो आणि काय सांगू, अशील एकदम शांत, साक्ष फिरवण्याची भीती नाही. न्यायाधीशांनी डबी मागवून घेतली, उघडायला लावली, आतलं काळंभोर लिंग बघितलं आणि पहिल्यांदा चप्पल कुठं काढावी याचा विचार करत पायाकडं बघितलं. दोरा बाहेर राहू द्या, देव आत जाऊ द्या, असा हुकूम झाला. दोऱ्याऐवजी धोतराच्या पट्टीत गुंडाळून गुरूनं लिंग छातीशी बांधलं, पूजा केली आणि जेवला. मला वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय... महिन्याभरात निरोप आला की तुमच्या अशिलाला समजावा. काय झालं होतं, तर त्या तुरुंगात रविवारी बाहेरून एक प्रवचनकार यायचे. परवानगी काढून, माइक घेऊन, लिंबाखाली. ते दर वेळी पाप आणि त्याची शिक्षा याच विषयावर बोलायचे. समोर बसलेले बहुतेक कच्चे कैदी. त्यातला एक जण एकदा म्हणाला, “आमचा निकाल लागायचाय अजून, महाराजांनी लावून बी टाकला.” लोक वैतागले होते. आणि इकडं संध्याकाळची बंदी झाली, बराकीला कुलूप लागलं, की गुरू भिंतीला टेकून बोलायला लागायचा. हळूहळू अख्खी बराक त्याच्याभोवती. शेजारच्या बराकीतून ओरडून मागणी, जरा जोरात. रविवारी कैद्यांनी साहेबांना सांगितलं, बाहेरचे महाराज नकोत, आमच्यातला स्वामी बोलू दे. साहेब म्हणाले, “बाहेरच्यानं बोलायचं, आतल्यानं फक्त ऐकायचं. पूजा कर, जप कर, कुणाची ना नाही. प्रवचन बंद.”

मी गुरूला भेटायला गेलो आणि आधी दुसरीच गोष्ट कळून माझा घाम निघाला. बराकीत इतके लोक त्याच्याभोवती का जमत होते? कारण तो रोज सुरुवातच करायचा, “म्या भावाचं डोकं फोडलं. आता पुढचं ऐका.”

मी म्हणालो, “अरे शहाण्या, मी कोर्टात सांगतोय तू मारलंच नाहीस. आणि तू रोज संध्याकाळी बराकभर साक्षीदार तयार करतोयस?”

“मग काय म्हणू? म्या निर्दोष हाय, तुमी सुधरा?”

“काही म्हणू नको. तोंड बंद ठेव. साहेबांनी बंदी घातलीय ते देवानंच केलंय.”

तो जाळीला बोटं अडकवून हसला. “राजे, मठावर इतकी वरसं बोललो. लोक ऐकायचे, प्रसाद घ्यायचे, घरी जायचे. हितं पयल्यांदा कळायलंय की म्या काय बोलतोय. हे बंद केलं तर म्या हितं नुसता भावाला मारलेला माणूस हाय. दुसरं काय बी न्हाय. तुला जामीन मिळवायचा तर मिळव, पण आधी हे मिळव.”

आता गंमत बघा. अशील स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला परवानगी मागतोय आणि मी त्याचा अर्ज लिहितोय. पण लिहिला, आणि खरं सांगायचं तर फार रंगून लिहिला. कोर्टात मी हात पसरून म्हणालो की माणूस डांबता येतो, पण त्याची जीभ सामानात जमा करून घ्यायचं कलम कुठं आहे ते सरकारी वकिलांनी दाखवावं. मागं दोन शिकाऊ वकिलांनी मान डोलावली. मी बहरात होतो. मग तुरुंगाचे साहेब उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, बाहेर एखाद्याला प्रवचन नको असलं तर तो उठून घरी जातो. बराकीतला माणूस कुठं जाणार? आणि आज हा बोलेल, उद्या दुसरा उठेल. मग काय करू?”

मी पटकन काहीतरी चमकदार उत्तर दिलं. लोक हसले. पण तो प्रश्न काही हसण्यानं गेला नाही. आजही झोपेत मध्येच कूस बदलताना तो माझ्या अंगाखाली टोचतो. न्यायाधीशांनी परवानगी दिली. संध्याकाळी अर्धा तास, दुसऱ्याच्या धर्माला नावं ठेवायची नाहीत, आणि ऐकायची सक्ती नाही. शेवटच्या अटीवर गुरूनं स्वतःचा तोडगा काढला. बोलायच्या आधी तो म्हणायचा, “ज्याला नको त्यानं भिंतीकडं तोंड करून बसावं. म्या राग मानणार न्हाय.” पाच-सहा जण खुशाल पाठ करून बसायचे. त्यातला एक तर पाठ करून सगळं ऐकायचा आणि गोष्ट चुकली तर भिंतीकडं बघतच दुरुस्त करायचा.

साहेबांचं भाकीत खरं ठरायला वेळ लागला नाही. दुसरा उठला. त्याचं नाव शामुवेल, भूम तालुक्यातल्या ईटचा गवंडी. मूळचा शामराव. दारूच्या गुत्त्यावर झालेल्या मारामारीत आत आला होता आणि त्याच्या बरंच आधी दारू सोडून येशूचं नाव घ्यायला लागला होता. आता दारू सोडलेला माणूस गुत्त्यावर काय करत होता, असं सरकारी वकील विचारणारच. तो भावाला बाहेर ओढून काढायला गेला होता. एका संध्याकाळी गुरूचं संपल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, “मला बी बोलायचंय.”

बराकीत गलका झाला. ह्याला बाटवायचंय सगळ्यांना, कुणी म्हणालं. कोर्टाचा हुकूम स्वामीच्या नावाचा आहे, ह्याच्या नाही, दुसरा म्हणाला. माणसं तुरुंगात गेली की कायद्याची भलतीच जाणकार होतात. साहेबांनी मला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि अत्यंत प्रेमानं विचारलं, “आता काय, वकीलसाहेब?”

मला वाटलं होतं गुरू झटक्यात हो म्हणेल. नाही म्हणाला. जाळीशी येऊन कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “त्याचं येगळं हाय, राजे. माजं हे आपलं हाय, आतलं. त्यो बाहेरून आणलेलं सांगणार. भोळी माणसं हायत हितं.”

मी मुद्दाम साहेबांच्या आवाजात म्हणालो, “बाहेरच्यानं बोलायचं, आतल्यानं फक्त ऐकायचं.”

तो इतका चिडला की मुलाखत संपायच्या आत निघून गेला. पुढं त्याच्या बरोबरच्यांनी मला सांगितलं, की त्या आठवड्यात त्यानं बराकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालून लोकांना वेड लावलं. कुणी म्हणायचं, स्वामी बसा हो, आमची मान दुखायली. तो बसायचा, पुन्हा उठायचा. शामुवेलशी भांडायचा. तुझ्या देवानं पाण्यावरून चालून काय साधलं, आमच्याकडं पाणीच न्हाय. शामुवेल म्हणायचा, तुमी देव छातीला बांधून दांडकं उचललं, त्यानं काय साधलं? त्यावर गुरू पुन्हा येरझारा घालायला लागला म्हणे. मग एका संध्याकाळी अर्धा तास सुरू होताना तो भिंतीजवळून उठला, त्याची बसायची चवाळी शामुवेलसाठी तिथंच ठेवली आणि समोर येऊन ऐकणाऱ्यांच्या जागी बसला. म्हणाला, “कोर्टानं वेळ मला दिलाय. माझ्या वेळेचं म्या काय करायचं ते म्या ठरवणार. ज्याला नको त्यानं पाठ करा.”

सगळ्यांनी पाठ केली. अख्ख्या बराकीत तोंड समोर करून बसलेला एकटा गुरू. शामुवेल बोलायला उभा राहिला. गवंडी माणूस, भिंत बांधायची सवय, भिंतीसमोर बोलायची नव्हती. त्याला नीट जमलंच नाही. येशूवरून सुरू झालं ते आईच्या आजारपणावर गेलं, आणि तिथंच अडकून रडायला लागला. दुसऱ्या दिवशी गुरूनं त्याला शिकवायला घेतलं. उभं कसं राहायचं, थांबायचं कुठं, रडू आलं तर गोष्ट कुठं वळवायची... आणि शिकवता शिकवता पुन्हा भांडण. माझ्या मते हे जगातलं एकमेव गुरुकुल, जिथं गुरूला शिष्याचं एकही वाक्य मान्य नव्हतं.

गुरूला जामीन झाला आणि तो गावी आला, पण ती गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. तुरुंगातून माणसं सुटतात तशा बातम्याही सुटतात. स्वामी बाटला. स्वामीनं ख्रिस्त्याला आपली जागा दिली. भावाचं डोकं फोडलं तेव्हा गाव म्हणालं होतं, होतं असं भावकीत. हे मात्र गावाला पचेना. घरोघरचे विधी दुसऱ्या जंगमाकडे गेले. आणि श्रावण आला तेव्हा मठाच्या ओट्यावर बाहेरगावचे महाराज बसले. मठाचे कारभारी शरणआप्पा, वयानं मोठे, गुरूला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवणारे. मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “वकीलसाहेब, मला बी त्याच्याबिगर श्रावण गोड लागत न्हाय. त्यानं ओट्यावर चढून एकदा म्हणावं, ती चूक झाली. एवढंच. मग महिना त्याचा.”

गुरूला मी म्हणालो, “म्हण की. मारलं ते रोज कबूल करत होतास, हे एकदा कर.”

“मारलं ती चूक होती राजे, म्हणून कबूल केली. ही चूक न्हाय.”

“मनात वाटेल ते ठेव, ओट्यावर चढण्यापुरतं म्हण.”

“व्हय? मग त्या ओट्यावरून खरं बोला म्हणून कुणाला सांगू?”

गुरूची बायको, महादेवी वहिनी, दारात भाजी निवडत होत्या. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं. रागावल्या की मधूनच कानडीत जायच्या. त्या कानडीत काहीतरी पुटपुटल्या. मी अर्थ विचारला तर गुरू म्हणाला, “तिचं म्हणणं हाय, घरात इतकं बोलतोय ते कमी हाय का.”

मग त्यानं नवीन खूळ काढलं. तुरुंगात जाऊन बोलायचं. आता बाहेरचा माणूस म्हणून, रीतसर परवानगी काढून. उत्तर आलं की ज्याच्यावर खटला चालू आहे त्याला प्रवचनकार म्हणून आत सोडता येत नाही. त्या दिवशी तो माझ्या ऑफिसात आला, खुर्चीवर बसला, उठला, खिडकीशी गेला, परत आला. “आतला होतो तवा म्हणायचे, बाहेरच्यानं बोलायचं. आता बाहेर आलो तर म्हणतेत, तू आतला हाईस. राजे, बोलायची जागा नेमकी कुठं असती रे?” मी म्हणालो, “एसटीत.” तो हसला, आणि त्यानं ते खरंच मनावर घेतलं. बेंबळी ते धाराशिव या रस्त्यावर त्याचं प्रवचन ऐकलं नाही असा कंडक्टर नसेल. तारीख नसली तरी तो बसनं यायचा आणि त्याच बसनं परत जायचा. शेवटचा भेटला तो बसस्टँडवर. मी हाक मारली, तर खिडकीतून हात हलवून म्हणाला, “थांब, गोष्ट अर्ध्यात हाय.” आणि गाडी सुटली.

गणाराधनेच्या दिवशी, म्हणजे मृतासाठी जंगमांना आणि गावाला जेवू घालतात त्या दिवशी, त्याच्या घरासमोर मांडव होता. मल्लिकार्जुन पाणी वाढत होता. बाहेरगावच्या महाराजांचं बोलून झालं. चांगलं बोलले; कुणाहीबद्दल चाललं असतं इतकं चांगलं. लोक पानावर बसायला उठणार, तेवढ्यात मांडवाच्या कडेला मोटारसायकल थांबली. शामुवेल. सुटून बरेच दिवस झाले होते त्याला. तो सरळ शरणआप्पांसमोर गेला, वाकला आणि म्हणाला, “आप्पा, दोन शब्द बोलू का स्वामींवर?”

शरणआप्पा कुणाकडेही न बघता म्हणाले, “बाबा, तू आलास, जेवून जा. बोलणं नको.”

मी उठायच्या बेतात होतो. माझ्या घशात अख्खं भाषण तयार होतं, कलमांसकट. पण आधी आतून महादेवी वहिनी आल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या म्हणाल्या, “आप्पा, तुमी थोर हाव. मठ तुमचा हाय. मांडव माजा हाय. बोल रे भाऊ.”

शामुवेल उभा राहिला. पाय बरोबर टेकवून, हात मागं बांधून, शिकवलं होतं तसा. तो म्हणाला, “स्वामींला माजं एक बी बोलणं पटायचं न्हाय. म्या पयल्यांदा बोललो, तवा सगळ्यांनी पाठ केल्याली. माजा आवाज फुटंना. स्वामी एकटे समोर. खाली बसल्या बसल्या मला म्हणाले, तू सांगतोस त्यातलं सगळं चूक हाय. पण मोठ्यानं सांग, ऐकाय येईना.”

आधी मल्लिकार्जुन हसला, हातातल्या तांब्यासकट. मग मांडवभर हसू पसरलं, आणि त्याच हसण्यात बायका रडायला लागल्या. शरणआप्पा हसले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

परवा खटला बंद करण्यासाठी मृत्यूचा दाखला आणायला बेंबळीला गेलो. संध्याकाळ झाली होती. गुरूच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर गल्लीतल्या चार-दोन बायका, एक म्हातारा, आणि खांबाला टेकून शामुवेल. भिंतीजवळ महादेवी वहिनी. पूजा झालेली असावी, कपाळाला भस्म ताजं होतं. मला बघून त्या थांबल्या. म्हणाल्या, “मला काय येतंय भाऊजी, येडंबागडं बोलते. पण ही वेळ झाली की घर खायला उठतंय. त्येंची बोलायची वेळ ही.” मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, “आप्पांचा निरोप आलाय. ओसरीवर बायामाणसं बसली तर बसू द्या, पण त्या ईटच्या गवंड्याला बोलू देऊ नका.”

मी शामुवेलकडे बघितलं.

“तुमी वकील हाव. स्वतःच्या ओसरीवर कुणी बोलायचं त्याला कोर्टाचा कागद लागतोय का?”

“नाही लागत वहिनी.”

“लागला तर?”

“तर मी आहे.”

त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. माझ्यावर कितपत विसंबावं याचा अंदाज घेत असाव्यात. मग पदर खोचून सतरंजीचं दुमडलेलं टोक त्यांनी पायानं सरळ केलं.

“मग बसा,” त्या म्हणाल्या. “मधी बोलू नका. आज माजं झालं की त्याची पाळी हाय.”